फियाट: घरची गाडी

प्रीमियर पद्मिनी ही मूळची इटलीची गाडी. तुरीनच्या फियाट कंपनीने 1953 मध्ये ‘1100-103’ हे मॉडेल बाजारात आणले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे ते मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतले. समोरच्या गोल, फुगीर नाकामुळे पन्नासच्या दशकातली गाडी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. या नावात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली आणि फियाटशी असलेला करार संपल्यावर 1974 पासून तीच ‘पद्मिनी’ झाली. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

इंजिन 1089 सीसीचे, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. म्हणजे आजच्या साध्या गाडीपुढे काहीच नाही. कुटुंबाला ती आवडली ती वेगळ्याच कारणाने. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्याने पुढची जागा मोकळी राही. सलग सीटवर चालकाशेजारी दोघे बसत, आणि मागे किती बसले हे कुणी मोजत नसे. दाराच्या तिकोनी काचा तिरप्या केल्या की वारा थेट अंगावर येई. एसीचा प्रश्नच नव्हता.

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी गाडी घेण्यापेक्षा ती चालती ठेवणे अवघड. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने इंधन पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी मध्येच बंद पडे. यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली थांबणे. थंडीत सकाळी चोक ओढायचा, तरीही दाद दिली नाही तर धक्का मारायचा. प्लग साफ करणे, पॉइंटची फट जुळवणे, कार्ब्युरेटर धुणे ही कामे गावचा मेस्त्री हाताने करी. कंपनीचे वर्कशॉप नसल्याचे मग फारसे अडत नसे. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या पांदीत मागची चाके रुतली की मेस्त्रीचा उपयोग नसे, बैलजोडी लागे.

सुट्या भागांची सोय मात्र गावात नव्हती, ती मुंबईने केली. तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ब्रेक ड्रमपासून क्लच प्लेटपर्यंत सगळे बनत आणि विकले जात राहिले. खेड्यातली घरगुती फियाट या टॅक्सींच्या जिवावर जगली असे म्हणायला हरकत नाही. 1983 अखेर मारुती 800 आली आणि नवा ग्राहक तिकडे वळला. 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मर्यादा पुरी झाल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

आता ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला पहिल्या 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडीची तपासणी होते. कळमनुरीकराची नोंदणी ‘एमएच 38’ ची असेल तर त्याला हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात जावे लागते. नवी अडचण पेट्रोलची आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, त्यामुळे हे भाग वेळीच तपासून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावे लागतात.