पडद्यावरचे खरे कैरो

विद्यार्थी मित्रांनो, इजिप्त म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? पिरॅमिड, नाईल नदी आणि अल-अझहर विद्यापीठ. उर्दूत या देशाला आपण मिस्र म्हणतो. या देशाची आणखी एक ओळख आहे. अरबी भाषेतील चित्रपटांचे सर्वात मोठे केंद्र म्हणजे इजिप्तची राजधानी कैरो. सुरुवातीच्या काळात तेथील बहुतेक चित्रपटांत पाशांचे वाडे, गाणी आणि नाच असत. मजूर, हमाल, कारकून, भाजीवाले अशी माणसे पडद्यावर क्वचितच दिसत. या माणसांना चित्रपटात मानाचे स्थान देणाऱ्या दिग्दर्शकांत सलाह अबू सैफ यांचे नाव फार वरचे आहे.

सलाह अबू सैफ यांचा जन्म १९१५ साली कैरो येथे झाला. बूलाक या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ते वाढले. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतल्यावर महल्ला अल-कुब्रा या गावच्या कापड गिरणीत त्यांनी नोकरी धरली. यंत्रांवर राबणारे कामगार त्यांनी तेथे जवळून पाहिले. चित्रपटाची आवड मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. एकदा नियाझी मुस्तफा हे दिग्दर्शक त्या गिरणीवर माहितीपट काढण्यासाठी आले. या तरुणाची तळमळ त्यांच्या लक्षात आली आणि त्यांच्या मदतीने सलाह यांना कैरोच्या स्टुडिओ मिस्रमध्ये काम मिळाले.

तेथे ते संकलन शिकले. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या तुकड्यांतून नको ते कापणे आणि हवे ते योग्य क्रमाने जोडणे. १९३९ साली कमाल सलीम यांचा ‘अल-अझीमा’ हा चित्रपट आला. कैरोच्या एका गल्लीतील न्हाव्याच्या सुशिक्षित मुलाची ती कहाणी होती. या चित्रपटात सलाह साहाय्यक दिग्दर्शक होते. पुढे १९४६ साली त्यांनी स्वतःचा पहिला चित्रपट काढला. १९५० च्या सुमारास कामानिमित्त ते इटलीत राहिले. महायुद्धानंतर तेथील दिग्दर्शक रस्त्यावर उतरून बेकार आणि गरीब माणसांच्या कथा सांगत होते. सलाह यांना आपला मार्ग अधिक स्पष्ट दिसू लागला. हाच वास्तववादाचा मार्ग होय.

पण वास्तववाद म्हणजे नेमके काय? फाटके कपडे आणि पडकी घरे दाखवली की झाला वास्तववाद, असे कोणाला वाटेल. ते पुरेसे नाही. माणूस गरीब का राहतो, भित्रा का होतो, कधी कधी वाईट का वागतो, याचे कारण शोधणे म्हणजे वास्तववाद.

एक उदाहरण पाहा. १९५७ साली त्यांचा ‘अल-फुतुव्वा’ हा चित्रपट आला. उर्दूतील ‘फुतुव्वत’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ मर्दानगी, औदार्य. पण कैरोच्या गल्लीत फुतुव्वा म्हणजे वस्तीतला दादा. या चित्रपटात हरीदी नावाचा गरीब खेडूत कामाच्या शोधात शहरातल्या भाजीबाजारात येतो. येताच त्याला थप्पड खावी लागते. सगळा बाजार अबू झैद या बड्या व्यापाऱ्याच्या मुठीत असतो. तो म्हणेल तो भाव! पुढे हरीदी युक्तीने अबू झैदची सत्ता मोडतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. आता गरिबांचे दिवस पालटतील, असे आपल्याला वाटते. पण हळूहळू हरीदीही तसाच वागू लागतो. चित्रपटाच्या शेवटी आणखी एक खेडूत बाजारात येतो आणि त्यालाही तशीच थप्पड बसते. मालक बदलला, पण बाजाराची रीत तीच राहिली. एका दुष्टाला हटवून अन्याय संपत नाही. अन्यायाची रीतच बदलावी लागते.

सलाह यांना एक मोठा सोबती लाभला होता. ते म्हणजे नजीब महफूझ. पटकथा कशी लिहावी, हे महफूझ सलाह यांच्याकडून शिकले. याच महफूझ यांना १९८८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कादंबरीवर सलाह यांनी १९६० साली ‘बिदाया व निहाया’ म्हणजे ‘आरंभ आणि शेवट’ हा चित्रपट काढला. त्यात एका कारकुनाच्या मृत्यूनंतर त्याचे कुटुंब उघड्यावर पडते. धाकट्या भावाला अधिकारी होता यावे म्हणून मधला भाऊ स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरतो. बहीण शिवणकाम करते. पण मोठा हुद्दा मिळताच धाकट्याला आपल्याच गरीब घराची लाज वाटू लागते. त्या लाजेतूनच घराचा नाश ओढवतो.

१९७७ सालच्या ‘अस-सक्का मात’ या चित्रपटाचे नाव तुम्हाला सहज कळेल. सक्का म्हणजे पखालीने पाणी वाहणारा भिश्ती. पत्नीच्या मृत्यूचे दुःख उराशी धरून बसलेल्या एका भिश्त्याची ही कथा आहे. १९९१ सालच्या ‘अल-मुवातिन मिस्री’ या चित्रपटात गावचा श्रीमंत मुखिया आपल्या मुलाऐवजी एका गरिबाच्या मुलाला सैन्यात धाडतो. तो मुलगा दुसऱ्याच्या नावाने लढतो आणि युद्धात मारला जातो. गरीब बापाला आपल्या शहीद मुलाला आपला म्हणण्याचीही सोय उरत नाही.

सुमारे चाळीस चित्रपट करून सलाह अबू सैफ १९९६ साली कैरो येथे निवर्तले. त्यांचे चित्रपट पाहताना आपण गरिबाची केवळ कीव करत नाही, तर त्याच्यावर ही वेळ कोणी आणली, असे विचारू लागतो.

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही भाजीबाजार असेल, हमाल असतील, शिवणकाम करणारी एखादी बहीण असेल. उद्या त्यांच्याकडे नीट पाहा. त्यांचे कष्ट तर तुम्हाला दिसतीलच. त्या कष्टांचा मोबदला कोणाच्या हाती जातो, हेही शोधून पाहा.