उपनगरातील फॅमिकॉम
1990 च्या दशकात अंधेरीसारख्या उपनगरांत टीव्हीला जोडले जाणारे 'लिटल मास्टर'सारखे व्हिडिओ गेम हे निन्टेंडोच्या 1983 मधील जपानी 'फॅमिकॉम'ची नक्कल होते, म्हणून त्यांत त्याच्या अमेरिकी आवृत्तीची, म्हणजे एनईएसची, 72 पिनांची नव्हे, तर जपानी धर्तीची 60 पिनांची कॅसेट बसे. भारतीय टीव्ही 'पाल' पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला 60 ऐवजी 50 वेळा चित्र रंगवणारा असल्याने जपानी खेळ त्यावर सुमारे एक षष्ठांशाने संथ चाले. युरोपातील अधिकृत यंत्रात प्रोसेसरचा वेगही 1.79 वरून 1.66 मेगाहर्ट्झवर आल्याने संगीताची पट्टी उतरे. अनेक पाल नकलांत मात्र तो वेग 1.77 ठेवल्यामुळे लय मंदावली तरी सूर जवळजवळ मूळचाच राही.