चांदणी टाचणीच्या टोकाएवढी

मी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवते. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा यांत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे फोकस मला कुणी शिकवायला नको, असं वाटायचं. तो तोरा कसा उतरला ते सांगते.

1997 साली हेल-बॉपचं शेंडेनक्षत्र आलं होतं. आईनं मला गच्चीवर नेऊन दाखवलं होतं. 2024च्या ऑक्टोबरात तसंच एक आलं, त्सुचिनशान-ॲटलास नावाचं. आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, "फोटो काढ, मोबाईलवर मोठा करून बघीन." दसऱ्यानंतर दोन दिवसांनी पश्चिमेला ढग हटले आणि मी भराभर वीस फोटो काढले. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर झकास दिसले. घरी कॉम्प्युटरवर बघते, तर चांदण्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुगलेल्या आणि शेंडेनक्षत्राचा नुसता धुरकट डाग. पुढं कोजागिरीचं चांदणं वाढलं, मग ढग आले, राहिलंच. आपल्या हयातीत ते काही परत येत नाही.

चूक माझीच. मी ऑटोफोकसवर विसंबले. कॅमेरा फोकस शोधतो तो उजेड आणि काळोख जिथं भिडतात त्या काठावर. नवरीच्या शालूचा काठ त्याला लगेच सापडतो; अंधाऱ्या आकाशात धरायला काहीच नसतं. मग लेन्स नुसती घरघरत मागंपुढं होते, नाहीतर जवळचं काहीतरी धरून बसते. माझ्या कॅमेऱ्यानं समोरच्या शेवग्याची फांदी धरली होती!

लेन्सवर आडव्या आठसारखी खूण असते, अनंत अंतराची. रिंग तिथं नेली की झालं, असं बरेचजण सांगतात. झालं नाही. बहुतेक लेन्सची रिंग त्या खुणेच्याही थोडी पुढं फिरते, आणि थंडी-उन्हानं बरोबर जागा जरा सरकतेही. केसभर सरकलं तरी चांदणी फुगते.

म्हणून आता मी असं करते. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स मॅन्युअलवर, हात स्थिर करणारी सोय असेल तर ती बंद. मग आकाशातलं सगळ्यात तेजस्वी काय ते शोधायचं: शुक्र, गुरु, नाहीतर व्याध. लाइव्ह व्ह्यू लावून तो ठिपका भिंगाच्या बटणानं दहापट मोठा करायचा आणि रिंग अगदी सावकाश फिरवायची. ठिपका लहान होत जातो, आणखी लहान होतो, आणि मग परत फुगायला लागतो. तिथून किंचित मागं यायचं. टाचणीच्या टोकाएवढा झाला की रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. झूम बदललंत तर सगळं पुन्हा करायचं, हे मी दोनदा विसरलेय. एक फोटो काढून तोही मोठा करून बघायचा. लहान पडद्यावर भरवसा नाही. मध्येच लेन्सवर दव बसतं, मऊ कापडानं टिपायचं.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं? पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त ठेवलं की चांदणीची रेघ होते. स्टुडिओतल्या साध्या कॅमेऱ्यांना अठराच्या लेन्सवर पंधरा सेकंद चालतात, पंचावन्नवर पाच-सहाच. आयएसओ 1600 ते 3200. बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा.

मोबाईलवाल्यांनो, तुमच्याकडे प्रो मोड असेल तर फोकसची पट्टी डोंगराच्या चित्राकडे सरकवा आणि फोन धान्याच्या पोत्याला टेकवा. आणि रात्री रानात एकट्या जाऊ नका गं. मी गच्चीवरूनच काढते, फक्त घरातले दिवे घालवते.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. रोहिणीजवळ गुरु झळकत होता, त्याच्यावर फोकस धरला आणि मग कॅमेरा कृत्तिकांकडे वळवला. सकाळी आईनं मोबाईल डोळ्यांशी नेला आणि बोटानं मोजायला लागली. अकरापर्यंत आली, थांबली.

"आमच्या वेळी सहाच होत्या," म्हणाली. "बाकीच्या कुठनं आल्या?"