मामूंचा हात आणि एमजीचा पोचा

आमचे मोठे मामू कुर्ल्याच्या एका गॅरेजात चाळीसेक वर्षे डेंटिंग-पेंटिंग करीत आले आहेत. घरातल्या मुलांना त्यांचा पेशा म्हणजे नुसती ठोकाठोकी वाटते. मलाही तसेच वाटायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे १९६७ सालची एक लाल एमजीबी आली आणि मी सुट्टीचे चार दिवस त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसलो.

एमजीबी ही दोन माणसांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचा पुढचा फेंडर बोल्टांनी बसवलेला असतो, त्यामुळे नवा मागवून बदलता येतो. पण मालकांना तो नको होता. गाडी त्यांच्या मरहूम वडिलांची. पार्किंगमध्ये कुणीतरी डावा फेंडर दाबून गेले होते, तळहाताएवढा पोचा. बॉनेटवर एक बारीक खड्डा आणि दरवाजावर लांब ओरखडा. “उस्ताद, पत्रा तोच ठेवा,” एवढेच त्यांचे म्हणणे.

मामूंनी खिशातून लोहचुंबक काढले. फेंडरवर ते घट्ट चिकटले, बॉनेटवरून मात्र घसरून खाली पडले. मालकांचा चेहरा उतरला. सगळी पुट्टीच भरली आहे की काय! मामू हसले. त्या काळच्या एमजीबीचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचेच असते, त्यावर चुंबक कसे धरेल? जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. पोलादी पत्र्यावर चुंबक सैल धरत असेल तर आत पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे.

शिकाऊ मुलगा पुट्टीचा डबा घेऊन आला. मामूंनी त्याला परत पाठवले. पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने तो काढायचा असतो. धक्का मधे बसतो, पण कडेला पत्र्याची वळी उठते आणि तीच मधल्या खड्ड्याला अडवून धरते. म्हणून आतून खड्ड्याखाली डॉली दाबून धरायची आणि बाहेरून कडेच्या वळीवर हलके ठोके द्यायचे. वळी बसते, खड्डा वर येतो. जोरात ठोकले तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करतो. मग तो तापवून, ओल्या फडक्याने गार करून आवळावा लागतो. तशी वेळ आली नाही, पण मामूंनी बॅटऱ्यांच्या वायरी आधीच सोडवल्या होत्या. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे लपलेल्या असतात.

मधून मधून ते डोळे मिटून पातळ कापडावरून तळवा फिरवत. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो, हे मी त्या दिवशी स्वतः करून पाहिले. मला मात्र काहीच कळले नाही.

शेवटी पुट्टी लागलीच, पण पापुद्र्याएवढी. ती कोरडीच घासायची. पाणी लावले तर ती ते शोषते, आणि वर्ष-दोन वर्षांनी रंगाखाली फोड येतात. प्राइमर चढल्यावर मग पाणीपेपर.

रंगाची पंचाईत निराळीच. कंपनीच्या कोडप्रमाणे मिसळलेला लाल बरोबर असतो, पण गाडी साठ वर्षे उन्हात राहिलेली. म्हणून आधी शेजारचा दरवाजा कंपाउंडने घासून खालचा खरा रंग वर आणला. फडके लाल झाले. वर पारदर्शक थर नसल्याची ती खूण. मग त्या चकाकीशी नवा रंग जुळवला.

स्प्रेच्या वेळी मामूंनी मला बाहेर काढले. त्यांचा खोकला आम्ही आजवर विडीच्या खात्यावर टाकत आलो. विडी सोडून मात्र त्यांना बारा वर्षे झाली. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी पहिल्यांदाच पेशा विचारला. हल्लीच्या बहुतेक टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की जराशा वाफेनेही श्वास अडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही; नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो. जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीत शिसेही असू शकते. ती धूळ कपड्यांवर बसून घरी येते, आणि ते कपडे मुमानी धुतात, मुलांच्या कपड्यांसोबत. आता मामू कपडे गॅरेजातच बदलतात.

मास्क महाग आहे. हौशी गाडीवर लाखो खर्चणाऱ्यांनी बिलात त्याचाही हिस्सा धरावा, असे माझे स्पष्ट मत. या मालकांनी तो न मागता धरला.

गाडी नेताना ते फेंडरवर हात फिरवत राहिले. महिनाभर वॅक्स लावायचे नाही, रंगाला आतून सुकू द्यायचे, हे मामूंनी त्यांना दोनदा बजावले.