परसातील अनोळखी झाडे

कोकणातल्या एका गावी आमच्या शाळेला वर्ग भरवण्यासाठी एक जुने घर मिळाले आणि घराबरोबर त्याचे परसही. ते लावणाऱ्या आजी आता हयात नव्हत्या. झाडांची नावे त्यांना ठाऊक होती, ती त्यांच्याबरोबरच गेली. नारळ, आंबा, जास्वंद, कढीलिंब ही मंडळी ओळखीची निघाली. उरली २३ झाडे, झुडपे आणि वेली. त्यातले काय ठेवायचे, काय काढायचे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही मुलांना घेऊन साफसफाईला लागलो, ही आमची पहिली चूक. कुंपणाच्या कडेला खणताना दोन-तीन लांबट कंद निघाले. "गुरुजी, कणगर! उकडू या का?" एका मुलाने विचारले. दिवसही कणगरांचेच होते. पण कंद दोन हातांचा, काटकोनात वळलेला होता. आम्ही कुंपणावर वाळलेली वेल शोधली. तिच्या प्रत्येक पानाचे टोक लांब होऊन स्प्रिंगसारखे वळले होते आणि त्यानेच वेलीने काटक्या धरल्या होत्या. कणगराची वेल स्वतःच आधाराभोवती पीळ घालत चढते. तिच्या पानाला असा ताणा नसतो. पानाच्या टोकाचा ताणा होतो तो कळलावीत. तिचे लाल-पिवळे, नागमोडी कडांचे फूल पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिलेले असते, पण तिचा कंद फारसा कोणी पाहिलेला नसतो. त्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते आणि कंद उकडला म्हणून त्याचा भरवसा धरता येत नाही.

त्या दिवशी खणणे थांबवले. ओळख पटेपर्यंत कोणताही भाग तोंडात घालायचा नाही आणि वर्षभर काहीही उपटायचे नाही, असे ठरले. प्रत्येक झाडाला पत्र्याची चकती बांधली. तिच्यावर नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहिला. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे खरे वाटू लागते, म्हणून ही खबरदारी.

झाड ओळखायचे म्हणजे फुलाची वाट पाहायची, असा समज आहे. फूल हा उत्तम पुरावा खरा, पण पान आणि फांदीही पुष्कळ सांगतात. क्रमांक ४ आणि क्रमांक ९ दोन्ही गडद, तुकतुकीत पानांची झुडपे होती. दोन्हींची पाने समोरासमोर होती आणि फुले पांढरी येतात असे शेजारी सांगत. आम्ही एकेक पान तोडले. ४ मधून पांढरा चीक आला, ९ मधून काहीच आले नाही. मग भिंगातून ९ ची फांदी पाहिली. पानांच्या देठांशी पातळ पापुद्र्यासारखी उपपर्णे फांदीला वेढून होती. समोरासमोर पाने आणि देठांशी अशी उपपर्णे ही कॉफीच्या कुलाची खूण. ४ निघाली तगर, ९ निघाला अनंत. तुम्हीही दोन्हींचे पान तोडून पाहा. मात्र चीक डोळ्यांना लागू देऊ नका आणि हात धुवा.

चीक दिसला की कुल ठरले, असेही नाही. वड आणि रुई दोघांनाही चीक असतो. शिवाय एका कुलातली भावंडे सारखी दिसतातच असे नाही. लाल कण्हेरीच्या एका पेऱ्यावर तीन-तीन पाने असतात, पिवळ्या कण्हेरीची पाने मात्र एकाआड एक. पिवळीला काही भागांत बिट्टी म्हणतात आणि मुले तिच्या बियांशी खेळतात. हृदयावर परिणाम करणारे विष दोन्हींत असते. आमच्या परसातली पिवळी वर्गाच्या खिडकीखालीच होती. तिच्यापुरता वर्षभर थांबण्याचा नियम आम्ही मोडला.

क्रमांक १२ ने वेगळाच घोळ घातला. "ही तर मधुमालती," असे सगळे म्हणाले. पण मधुमालती हे नाव लोक दोन वेलींना देतात. एकीच्या पाच पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या असून एका पाकळीवर पिवळी छटा असते आणि फळाला तीन पंख असतात. हीच माधवीलता. दुसरीचे लांब नळीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते. आमची दुसरी होती. तिचे लहान रोप झुडपासारखे उभे राहते आणि पुढे वेल होते. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला 'क्विसक्वालिस' म्हटले. या लॅटिन नावाचा अर्थच 'कोण? कसले?' असा आहे! आज तिचे शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम.

हल्ली मोबाइलने छायाचित्र काढले की नाव सांगणारी सोय आहे. आम्हीही ती वापरली. बरेचदा ती जवळपास पोचते, पण पानाचा वास, चीक आणि उपपर्णे तिला दिसत नाहीत. तिचे उत्तर ही सूचना समजून पडताळावे. त्याने जमले नाही तर फूल, फळ व पाने असलेली छोटी फांदी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबावी, कागद रोज बदलावा आणि फुलाचा रंग व वास त्याच दिवशी लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर दोन्ही जातात. असा नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात दाखवता येतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे, तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

मे महिन्यात विहिरीच्या कडेला, जिथे आम्ही 'मोकळी जागा' असे लिहून सिमेंटचा ओटा बांधायचे ठरवले होते, तिथे एके सकाळी जमिनीतून थेट फुले आली. पान एकही नाही. पांढऱ्या आणि जांभळट पाकळ्या, सुरेख वास. भुईचाफा! त्याची पाने पावसाळ्यात येतात आणि थंडीत सुकून जातात, त्यामुळे आमच्या २३ च्या यादीत तो नव्हताच. त्याला २४ क्रमांकाची चकती मिळाली. ओटा दुसरीकडे बांधला. क्रमांक १७ अजून फुललेला नाही.