हिरडीला लागलेली हुमणी



उसाच्या फडात हुमणी शिरली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. वरून फड हिरवागार दिसतो. पाने पिवळी पडू लागतात तोवर खाली मुळ्या फस्त झालेल्या असतात, आणि मग बेट नुसत्या हाताने ओढले तरी उपटून येते.

दाताचेही तसेच आहे. दात वरून धड दिसतो, पण हिरडीच्या कडेला अन्नाचा व जंतूंचा चिकट थर साचत जातो. त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येते, तोंडाला वास येतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, तिथे खोबण तयार होते, आणि आतले हाड झिजू लागते. शेवटी न किडलेला, चांगला दात हलायला लागतो. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "वय झालंय, आता दात पडायचेच!"

आमचे म्हणणे एवढेच आहे, की हे वयाचे लक्षण नाही. हा आजार आहे. आणि तो तोंडापुरता राहत नाही, अशी शंका घ्यायला आता भरपूर जागा आहे.

गडचिरोलीने काय दाखवले?

हा विषय समजून घेण्यासाठी आपण राज्याच्या पूर्व टोकाला जाऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे उसाचे नव्हेत, धानाचे आणि जंगलाचे. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत काम सुरू केले. संस्थेच्या शोधग्राममधील दवाखान्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव आहे. सतीचा दात जिथे पडला ते या देवीचे ठाणे, दंतेवाडा, अशी लोकांची श्रद्धा आहे.

सर्चच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांमधील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले होते. म्हणजे सात माणसे गेली तर त्यांत एक पक्षाघाताने. मृत्यूच्या कारणांत हेच पहिले ठरले. लकवा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, हा समज त्या रानातल्या गावांनी खोटा ठरवला.

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येणे किंवा ती फुटणे. त्यातून माणूस वाचला तरी पुष्कळांची स्मरणशक्ती आणि समज खालावते. असे लहान-लहान झटके नकळत येऊन गेले तरीही विस्मृती जडते. मेंदूचे आरोग्य हे बरेचसे रक्तवाहिन्यांचे आरोग्य आहे, आणि इथेच हिरडीचा संबंध येतो.

खर्रा, गुडाखू आणि आपली मिश्री

त्या भागात खर्रा फार चालतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा नि दिवसभर गालात धरायचा. छत्तीसगडकडे गुडाखू दातांना लावतात. तंबाखू आणि गुळाची मळी यांचा तो लगदा असतो. मळी आपल्या ओळखीची, पण तिचा हा उपयोग कुणाला शोभणारा नाही. आपल्याकडे हेच काम मिश्री करते. मिश्रीने दात घट्ट होतात असे कितीतरी घरांत आजही म्हटले जाते.

तंबाखू हिरडी बिघडवते आणि रक्तवाहिन्याही बिघडवते. शिवाय तिची एक लबाडी आहे. तिच्यामुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. राखणदाराच्याच तोंडाला कुलूप! म्हणून मिश्री सोडल्यावर काही दिवस हिरडीतून रक्त जास्त आले तर घाबरून पुन्हा मिश्रीकडे वळू नये. सुपारीने तर तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते. मग तोंडच पुरते उघडत नाही, दात घासणार कसे?

गडचिरोलीत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केला. गावातल्या बायांनी पुढे होऊन बंदीचे ठराव घडवून आणले. गाव मनावर घेते तेव्हा काय होते, ते त्यांनी दाखवले.

शास्त्र काय सांगते आणि काय सांगत नाही

सुजलेल्या हिरडीतून जंतू आणि दाह निर्माण करणारे पदार्थ रोज थोडेथोडे रक्तात मिसळतात. हिरडीचा जुनाट आजार असलेल्यांमध्ये पक्षाघात आणि विस्मृती अधिक आढळते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. २०१९ साली संशोधकांना हिरडीच्या आजारातला एक प्रमुख जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही आढळला. त्यावर बरीच आशा बांधली गेली. परंतु त्या जंतूच्या विषाविरुद्ध तयार केलेले औषध २०२१ मध्ये चाचणीत रुग्णांची घसरण थांबवू शकले नाही.

तेव्हा दात घासले की विस्मृती टळते, असे आम्ही म्हणणार नाही. उलटाही संबंध असतो. ज्याला विसर पडू लागतो तो दात घासायलाही विसरतो, मग हिरडी बिघडते. मधुमेहाचे मात्र पक्के आहे. साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, बहिरेपणा आणि एकटेपणा ही विस्मृतीची मान्य कारणे आहेत.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभरांत सुमारे सात जणांना विस्मृतीचा आजार आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हे प्रत्येक गावातले दुखणे आहे.

घरात काय करावे

सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासावेत. हिरडी आणि दात यांच्या सांध्यावरून ब्रश हलकेच फिरवावा. फ्लोराइडची पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते. कडुनिंबाची काडी वापरणाऱ्यांनी ती चांगली चावून मऊ करावी, हिरडी खरवडू नये. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. रक्त येत असेल किंवा दात हलत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात दाखवावे. कीटण काढल्याने दात सैल होतात ही समजूत चुकीची आहे. सैल झालेला दात कीटणाने नुसता धरून ठेवलेला असतो.

ज्या घरात आजोबा-आजींना विसर पडू लागला आहे, तिथे सुनेने-लेकाने जास्त लक्ष द्यावे. "भाकरी नको," म्हणून म्हातारा ताट सारतो, चिडतो. आपण म्हणतो, हेकट झाला. कदाचित दाढ ठणकत असेल आणि त्याला ते सांगता येत नसेल. त्यांचे तोंड आपण उघडून पाहावे. आंघोळ घालतो तसे दातही घासून द्यावेत, त्यात कमीपणा नाही.

आणि विसराळूपणा दिसला की तो म्हातारपणावर ढकलू नये. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळे आलेला विसर उपचाराने पुष्कळदा सुधारतो. तोंड वाकडे झाले, हातातले बळ गेले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र तासाचाही उशीर न करता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" अशी आपली म्हण आहे. कष्ट करून आपण चण्यांची सोय केली, आता दातांचीही करू या. गटवार सभेत लागणीचा, खताचा, हुमणीचा विषय निघतो, तिथे हिरडीतल्या या हुमणीचाही निघावा आणि मिश्रीच्या डब्या घरोघर बंद व्हाव्यात, एवढीच आमची सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे.