पट दिसत नाही, तरी डाव रंगतो

बोर्डगेम ही तशी डोळ्यांनी खेळायची गोष्ट. रंगीत पट, लाकडी सोंगट्या, पत्त्यांवरची चित्रं, समोरच्याच्या चेहऱ्यावरची चलबिचल. यातलं काहीच ऐकू येत नाही. तरीही गेली वीस वर्षं या खेळांवरचे पॉडकास्ट जोरात चालू आहेत आणि लोक त्यांचे तास-दीड तासाचे भाग बसमध्ये, इस्त्री करताना, भाजी चिरताना मन लावून ऐकतात.

सुरुवात २००५ सालची. त्या वर्षी ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि ज्याच्याकडे माइक होता, त्याला जणू रेडिओ स्टेशनच मिळालं. त्याच वर्षी दक्षिण कोरियात राहणाऱ्या टॉम व्हॅसल या अमेरिकी माणसाने जो स्टेडमन या जोडीदाराबरोबर ‘द डाइस टॉवर’ सुरू केला. काय असायचं त्यात? कुठला नवा खेळ खेळलो, कुठला आवडला, कुठला फेकून द्यावासा वाटला, आणि ‘टॉप टेन’च्या याद्या. याद्यांवरून दोघांची जुंपायची आणि श्रोत्यांना खरी गंमत त्या जुंपण्यातच वाटायची. पुढे जोडीदार बदलले, कार्यक्रमाचं व्हिडिओंसह मोठं जाळं झालं, फ्लोरिडात त्याच्या नावाने संमेलनं भरू लागली. साचा मात्र तोच राहिला: खेळावर प्रेम असलेली दोन-तीन माणसं भांडल्यासारखं बोलताहेत आणि आपण शेजारी बसून ऐकतो आहोत.

हे जमतं कसं, ते ‘कटान’च्या उदाहरणावरून कळेल. क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञाने रचलेला हा खेळ १९९५ साली आला आणि घरात बसून खेळायच्या खेळांची नवी लाट जगभर पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याचे नियम माइकसमोर वाचायला घेतले, तर पाचव्या मिनिटाला श्रोता दुसरं काहीतरी लावेल. षटकोनी तुकडे असे मांडा, दोन फासे टाका, सात पडले तर चोर हलवा... मुरलेला निवेदक या वाटेला जात नाही. तो पेच सांगतो. तुम्हाला रस्ता बांधायचा आहे आणि विटा नाहीत. विटा आहेत शेजाऱ्याकडे, त्याला हवी आहे लोकर. तुमच्याकडे लोकर पडून आहे, पण शेजारी नऊ गुणांवर आहे आणि दहाला डाव जिंकतो. सौदा कराल? पट कसा दिसतो हे न सांगता त्याने श्रोत्याला टेबलाशी आणून बसवलं. समीक्षा करणारे बरेचजण इथेच घसरतात. खोक्यात किती पत्ते आहेत, ते जाड आहेत की पातळ, हे ते सविस्तर सांगतात. डोकं कुठे खाजवावं लागतं, ते सांगायचं राहून जातं.

काही पॉडकास्ट याच्याही पुढे गेले. जेफ एंगेलस्टीन हा अभियंता आणि खेळरचनाकार २००७पासून ‘द डाइस टॉवर’मध्ये ‘गेमटेक’ नावाचा छोटा भाग करू लागला. खेळामागचं गणित, मानसशास्त्र, संभाव्यता हे त्याचे विषय. २०११मध्ये त्याने रायन स्टर्मबरोबर ‘लुडॉलॉजी’ सुरू केला. तिथे समीक्षेला फाटा होता. खेळ असा का रचतात, यावरच चर्चा. हातातलं गेल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलेलं तत्त्व खेळाच्या टेबलावर कसं दिसतं, यावर एंगेलस्टीनने २०२०मध्ये अख्खं पुस्तकच लिहिलं. सापशिडीत अठ्ठ्याण्णववरून खाली आलेलं पोर भोकाड का पसरतं, याचं उत्तर त्यात सापडतं.

दुसरी एक जात आहे, तिला ‘ॲक्च्युअल प्ले’ म्हणतात. इथे खेळावर बोलायचं नसतं, थेट खेळायचं असतं. त्यासाठी सगळ्यात सोयीचा खेळ म्हणजे १९७४ साली आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. एकजण कथा सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडचणीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा पडतो. सगळा खेळ मुळातच बोलण्याचा, त्यामुळे पॉडकास्टला तो आयता मिळाला. २०१४ साली जस्टिन, ट्रॅव्हिस आणि ग्रिफिन मॅकेलरॉय या तीन भावांनी वडिलांना सोबत घेऊन ‘द ॲडव्हेंचर झोन’ सुरू केला. वडील क्लिंट रेडिओवरचे जुने निवेदक, पण या खेळात नवखे. पोरं बापाला नियम समजावताहेत आणि बाप भलतंच काहीतरी करतो आहे, यावर श्रोते फिदा झाले. त्यातल्या कथेवरचं चित्ररूप पुस्तक २०१८मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. ‘क्रिटिकल रोल’ हा व्यावसायिक आवाज कलाकारांचा कार्यक्रम २०१५मध्ये निघाला. चार वर्षांनी त्यांनी ॲनिमेशनपटासाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, तर एक कोटी तेरा लाखांहून जास्त जमले!

असला पैसा हा अपवाद. बहुतेक पॉडकास्ट हौसेवर चालतात, आणि हौसेला खर्चही फार येत नाही. हजार-दीड हजारांपासून मिळणारा कॉलर माइक, ‘ऑडॅसिटी’ हे संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर आणि फाइल ठेवायला एखादी होस्टिंग सेवा, जी फुकटही मिळते. साधं बोलणं ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी-थ्रीमध्ये साठवलं, तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात; एखाद्या लहानशा व्हिडिओएवढे.

आपल्याकडे खरा शत्रू पंखा. त्याची घरघर कानाला सवयीची असते, माइक मात्र ती इमानेइतबारे टिपतो. भिंती उघड्या असल्या की आवाज घुमतो, म्हणून गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट यांच्याजवळ बसलेलं बरं. खेळता खेळता रेकॉर्डिंग करायचं तर आणखी एक कटकट असते: फासा टेबलावर पडला की ठोका स्टँडमधून थेट माइकमध्ये शिरतो आणि श्रोत्याच्या कानात हातोडा बसतो. फासे घडी घातलेल्या टॉवेलवर टाकायचे, माइकखालीही जाड कापड सारायचं. दोघं दोन गावांत असतील तर इंटरनेटवरचा तुटक आवाज वापरू नये. ज्याने त्याने आपापल्या फोनवर रेकॉर्ड करावं, सुरुवातीला एकदम टाळी वाजवावी आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही फायली जुळवाव्यात.

मग उरते कापाकापी, आणि नवशिके नेमके तिथेच हात आखडतात. नियमपुस्तिका चाळतानाची तीन मिनिटं, ‘अरे तुझी पाळी’, चहा आला, कुत्रं भुंकलं. हे सगळं जायला हवं. एखादा चेष्टेचा बाण मात्र राहू द्यावा. तोही छाटला, तर शाळेतला निबंध उरतो.

प्रामाणिकपणाचा मुद्दाही आहेच. प्रकाशक समीक्षकांना खेळ फुकट पाठवतात, कधी पैसेही देतात. फुकट मिळालेल्या खोक्याचं तोंडभरून कौतुक करणारा निवेदक श्रोता लवकर ओळखतो. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. पैसे किंवा वस्तू घेऊन बोलत असाल तर ते उघड सांगावं लागतं. भागाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की विषय मिटतो.

आणि मराठीत? इथे विषयांना तोटा नाही. नुसतं मेंढीकोट घ्या. बावन्न पत्ते, चार खेळणारे, समोरासमोरचे भिडू, आणि सारा जीव चार दश्शांत. पण हुकूम ठरवायचा कसा? कुठे बंद हुकूम: एक पत्ता पालथा ठेवायचा आणि कोणाकडे उतारी संपली की उघडायला लावायचा. कुठे कट हुकूम: पहिल्यांदा ज्याला उतारी देता येत नाही, तो जे पान टाकेल तो हुकूम. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, नॉट ॲट होम यांनाही घराघराचे पोटनियम असतात आणि त्यावरून झालेली भांडणं लग्नकार्यात अजून निघतात. हे नियम फारसे कुठे छापलेले नसतात; ते खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात, त्यांच्याच लकबीत.

तेव्हा माइक विकत घ्यायच्या आधी एक करा. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी पत्ते कुटणारं असेल, तर त्यांना सांगून फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, पत्ते पिसा आणि ‘तुमच्याकडे हुकूम कोण बोलायचं?’ एवढंच विचारा. पहिल्या भागाला पुरेल इतका मजकूर तासाभरात मिळेल.